भौगोलिक कारणे द्या

महाराष्ट्रातील मराठी शाळेत जे शिकले, त्यांच्या भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असे : ‘भौगोलिक कारणे द्या.’ कोकणात भात का पिकतो? मुंबई हे मोठे बंदर का झाले? सोलापूरच्या मुलखात ज्वारी का घेतात? उत्तरे पाठ असत. भरपूर पाऊस, उष्ण व दमट हवा; दंतुर किनारा, सुरक्षित व खोल बंदर; कमी पाऊस, काळी जमीन. तीन मुद्दे लिहिले की तीन गुण पदरात पडत. मात्र या उत्तरांत माणूस क्वचितच भेटे. भाताची खाचरे कोणी बांधली, बंदराचे धक्के कोणी उभारले, ज्वारीच्या मुलखातील शेतकरी मुंबईच्या गिरणीत कशासाठी गेला, हे सारे ‘मानवी भूगोल’ या वेगळ्या भागात येई. आणि तो भाग येईपर्यंत ‘प्राकृतिक भूगोल’ मुलांच्या डोक्यातून निघून गेलेला असे.

अध्यापनाचे शिक्षण मी महाराष्ट्रात घेतले आणि गेली काही वर्षे आयर्लंडमधील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवीत आहे. येथील मुलांनाही कारणेच विचारली जातात. परंतु ती विचारण्याची रीत निराळी आहे. ती आपल्या बुलेटिनच्या वाचकांपुढे मांडावी असे वाटले, कारण आपण सारी स्थलांतरित कुटुंबे आहोत. आपण कोठून निघालो, का निघालो आणि जेथे पोहोचलो तेथेच का स्थिरावलो, हाही भूगोलातीलच प्रश्न आहे.

अभ्यासक्रमाची घडण

आयर्लंडचे संपूर्ण बेट महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशाहून थोडेसेच मोठे आहे. त्यातील ईशान्येचा भाग ब्रिटनच्या अमलाखाली आहे व तेथील शाळांची पद्धत वेगळी आहे. मी लिहीत आहे ते प्रजासत्ताकाच्या शाळांविषयी. साधारण बाराव्या वर्षी मूल माध्यमिक शाळेत येते. पहिल्या तीन वर्षांना ‘ज्युनिअर सायकल’ म्हणतात. पुढे काही मुले एक मधले वर्ष घेतात आणि अखेरच्या दोन वर्षांनंतर ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ची परीक्षा होते. आपल्याकडील बारावीप्रमाणे तिच्याच गुणांवर महाविद्यालयातील प्रवेश ठरतो.

ज्युनिअर सायकलसाठी २०१८ साली भूगोलाचा नवा अभ्यासक्रम आला. त्याचे तीन धागे आहेत. पहिल्यात खडक, नद्या, हवामान अशा प्राकृतिक जगाचा अभ्यास आहे. तिसऱ्यात लोक, स्थळे व त्यांत होणारे बदल आहेत. या दोहोंच्या मध्ये दुसरा धागा आहे : प्राकृतिक जगाशी माणूस कसा व्यवहार करतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन भागांमध्ये जी भिंत असे, त्या जागी येथे पूल बांधला आहे. शिवाय मुलांना वर्गातच दोन कामे पूर्ण करावी लागतात. एकात वर्तमानपत्रातील एखाद्या घटनेचा भूगोल शोधायचा. दुसऱ्याचे नाव ‘माझा भूगोल’. त्यात मुलाने आपल्याच परिसरातील एक विषय घेऊन तो तपासायचा.

वरच्या वर्गांचा २००४ साली सुरू झालेला अभ्यासक्रमही याच विचाराचा आहे. त्यात क्षेत्रभेट व तिचा लेखी अहवाल यांस एकूण गुणांपैकी २० टक्के गुण ठेवले गेले. काय शोधायचे ते आधी ठरवायचे, साधने जमवायची, प्रत्यक्ष जागी जाऊन मोजायचे, आकडे मांडायचे आणि आपला निष्कर्ष कोठे लंगडा पडला तेही लिहायचे. नदीचा वेग मोजण्याची रीत अगदी साधी असते. दहा मीटर अंतरावर दोन मुले उभी राहतात, वरच्या बाजूने पाण्यात एक संत्रे सोडतात आणि खालचे मूल घड्याळ पाहते. नदी पात्राच्या मध्यभागी वेगाने आणि काठाशी मंद वाहते, हे वाक्य पुस्तकात वाचून जे मूल चार दिवसांत विसरते, तेच मूल काठाशी रेंगाळणारे संत्रे पाहिल्यावर ते विसरत नाही.

काळा पाषाण आणि गावचे शब्द

आयर्लंडच्या उत्तर टोकाला, अँट्रिमच्या किनाऱ्यावर ‘जायंट्स कॉजवे’ नावाचे स्थळ आहे. समुद्रात उतरत गेलेले सुमारे ४० हजार खांब, बहुतेक षट्कोनी, जणू कोणी फरसबंदी केलेली. ते ईशान्येकडील भागात असले तरी प्रजासत्ताकाच्या पाठ्यपुस्तकांतही ज्वालामुखीच्या धड्यात हमखास येते. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हा पसरला, थंड होताना आकसला आणि त्याला अशा भेगा पडल्या. हा खडक म्हणजे बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. दख्खनचे पठार याहून थोडे जुने, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे, आणि विस्ताराने कितीतरी मोठे. असेच खांब मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर उभे आहेत. अंधेरीत राहून गेलेल्या आपल्यातील किती जणांनी ते निरखून पाहिले असतील?

आणखी एक गोष्ट मला येथे येऊन उमगली. भूगोलातील काही शब्द जगभर चालतात, ते मूळ आयरिश शेतकऱ्यांच्या बोलीतले आहेत. हिमनदीने मागे ठेवलेल्या लांबट, गोलसर टेकडीला ‘ड्रमलिन’ म्हणतात. त्याच्या मुळाशी पाठ किंवा कणा या अर्थाचा आयरिश शब्द आहे. हिमनदीच्या पोटातील प्रवाहाने साठविलेल्या वाळू-गोट्यांच्या लांबलचक वरंब्याला ‘एस्कर’ म्हणतात; तोही आयरिशच. पश्चिमेकडील चुनखडकाच्या प्रदेशात ‘टरलॉक’ असतात, म्हणजे कोरडी तळी. हिवाळ्यात जमिनीखालचे पाणी वर येऊन तळे भरते, उन्हाळ्यात ते खडकातील भेगांवाटे उतरून जाते आणि त्याच जागी गुरे चरतात. ज्यांची गुरे तेथे चरत, त्यांनीच प्रथम हे ओळखले. विद्वान मागाहून आले.

आपल्या कोकणातही असे शब्द आहेत : जांभा, कातळ, खाजण, वरकस, खारेपाट. अलिबाग-पेणच्या खाडीकाठी बांध घालून खारे पाणी अडवावयाचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतील मीठ धुवून काढावयाचे आणि मग तेथे भात लावावयाचा, हे कष्ट ‘खारेपाट’ या एका शब्दात साठलेले आहेत. तेथे भरपूर पाऊस आहे म्हणून भात पिकतो हे उत्तर अर्धेच. बांध फुटला तर तोच पाऊस असूनही भात पिकत नाही.

स्थानिक माणसाच्या नजरेचे महत्त्व सांगताना येथे मेयो परगण्यातील केजे फील्ड्सचे उदाहरण देता येते. १९३० च्या दशकात बेलडेरिग गावचे शाळामास्तर पॅट्रिक कॉलफील्ड यांच्या लक्षात आले की, जळणासाठी दलदलीतील पीट कापताना खाली दगडांचे ढीग लागतात, आणि ते ओळीने मांडलेले आहेत. दलदल तयार होण्यापूर्वी कोणीतरी ते रचले असले पाहिजेत. पुढे त्यांचे पुत्र शेमस कॉलफील्ड यांनी पुरातत्त्वाचा अभ्यास करून १९७० च्या दशकापासून तेथे शोध घेतला, तेव्हा दलदलीखाली अश्मयुगीन शेतांचे बांधच्या बांध मिळाले. हवामान, दलदल आणि शेतकरी यांचा हा एकत्रित इतिहास एका शिक्षकाच्या डोळ्यांमुळे उजेडात आला.

बटाट्याचा दुष्काळ : निसर्ग की माणूस?

परंतु प्राकृतिक व मानवी भूगोल एकमेकांपासून तोडल्यास काय बिघडते, हे ज्या एका धड्यातून पूर्णपणे कळते, तो धडा १८४५ साली सुरू झालेल्या महादुष्काळाचा होय. इतिहासाच्या तासाला तो येतोच. मी तो भूगोलाच्या तासालाही घेते. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढते. डावीकडे निसर्ग, उजवीकडे माणूस. मुलांनी एकेक कारण सांगायचे आणि ते कोणत्या बाजूस लिहावे तेही सांगायचे.

डावी बाजू लवकर भरते. १८४५ च्या सप्टेंबरात बटाट्यावरील करपा रोग आयर्लंडमध्ये दिसला. अटलांटिकवरून येणारी सौम्य, ओली हवा त्याला पोषक ठरली. त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर पसरतात. पाहता पाहता पाने काळी पडतात व जमिनीतील कंद सडतात. १८४६ साली जवळजवळ सर्व पीक गेले. मुले म्हणतात, म्हणजे हे निसर्गाचे संकट होते.

मग मी त्यांना युरोपचा नकाशा दाखविते. त्याच सुमारास बेल्जियम, हॉलंड व जर्मनीतही हा रोग होता. तेथेही माणसे मेली, पण आयर्लंडइतका संहार झाला नाही. रोग तोच, मग फरक कशाचा? येथून उजवी बाजू भरू लागते. जमीन जमीनदारांची होती आणि कुळांचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले होते. एवढ्याशा तुकड्यावर कुटुंब जगवू शकेल असे पीक बटाट्याचेच. म्हणून सुमारे ३० लाख गरिबांचे मुख्य अन्न तेच झाले. त्यातही ‘लंपर’ ही एकच जात सर्वत्र लावलेली. एक रोप बळी पडले की सगळेच बळी. शेतांत गहू व ओटही पिकत होते. परंतु ते खंड भागविण्यासाठी विकावे लागत आणि दुष्काळातही धान्य व जनावरे जहाजांतून बाहेर जात राहिली.

सरकारने दुष्काळी कामे काढली. १८४७ च्या मार्चमध्ये सुमारे ७ लाख माणसे रस्त्यांवर दगड फोडीत होती. पण मजुरी इतकी तुटपुंजी की महागलेले धान्य तिच्यात येईना. मग ती कामे बंद करून सूप वाटण्याची केंद्रे उघडली आणि त्या वर्षीच्या जुलैत सुमारे ३० लाख माणसे त्यांवर जेवली. सरकारला लोकांस अन्न पोहोचविणे शक्य होते, हे यावरून सिद्ध होते. तरीही शरद ऋतूत ही केंद्रे बंद झाली. त्याच वर्षीच्या कायद्याने असे ठरविले की, पाव एकराहून अधिक जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्यास मदत मिळणार नाही. ज्याला मुलांना जगवायचे त्याने जमीन सोडावी, असा त्याचा अर्थ झाला.

सुमारे १० लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत संपूर्ण बेटाची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती ६५ लाख ५० हजारांवर आली. आज पावणेदोनशे वर्षांनंतरही ती साधारण ७० लाख, म्हणजे १८४१ पेक्षा कमीच आहे.

तास संपताना मी मुलांना एकच वाक्य पुरे करावयास सांगते : ‘पीक बुडाले ते निसर्गामुळे, माणसे मेली ती…’ सर्व मुले सारखे उत्तर लिहीत नाहीत, आणि लिहावे अशी माझी अपेक्षाही नाही. मात्र आपण जे लिहिले त्याला फळ्यावरचा आधार दाखविता आला पाहिजे.

यानंतर मी महाराष्ट्राचे उदाहरण देते. १९७२ चा दुष्काळ आपल्यातील पुष्कळांना आठवत असेल : आटलेल्या विहिरी, लाल मिलो ज्वारी, सुकडीचे वाटप, रस्त्यांच्या कडेला खडी फोडणारी गावेच्या गावे. पाऊस भयंकर तुटला होता. परंतु सरकारने दुष्काळी कामे काढली आणि १९७३ च्या मे महिन्यात त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. हालअपेष्टा अपार झाल्या, गुरे गेली, तरी आयर्लंडसारखा मनुष्यसंहार टळला. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना रुजली व १९७७ साली तिचा कायदा झाला. अवर्षण पाडणे वा थांबविणे माणसाच्या हाती नसते. अवर्षणाचा भूकबळी होऊ देणे वा न देणे पुष्कळसे त्याच्या हाती असते. जो विद्यार्थी या दोहोंतील फरक ओळखू शकत नाही, त्याला मोठेपणी कोणीही सांगावे की ‘ही दैवाची करणी’, आणि त्याने मान डोलवावी, असे होईल. पूर येतो, दरड कोसळते, बांध फुटतो. अशा वेळी डावी बाजू कोणती व उजवी कोणती हे विचारणारे नागरिक आपल्याला हवे आहेत.

येणारे आणि जाणारे

दुष्काळानंतरही आयरिश लोकांचे देशांतर शंभराहून अधिक वर्षे चालू राहिले. प्रजासत्ताकाच्या हद्दीतील लोकसंख्या १९६१ साली अवघी २८ लाख उरली होती. मग वारे फिरले. २०२२ च्या जनगणनेत ती ५१ लाख ४९ हजार भरली. १८५१ नंतर प्रथमच तिने ५० लाखांचा आकडा ओलांडला. त्यांपैकी सुमारे २० टक्के लोक देशाबाहेर जन्मलेले होते. भारतीय नागरिकांची संख्याच सुमारे ४५ हजार होती. त्यांत रुग्णालयांतील परिचारिका व संगणक क्षेत्रातील तंत्रज्ञ पुष्कळ. त्यामुळे स्थलांतराचा धडा शिकविताना पुस्तकातील विषय समोरच्या बाकावर बसलेला असतो.

वरच्या वर्गांत युरोपाबाहेरील एका मोठ्या प्रदेशाचा अभ्यास असतो व अनेक शाळा त्यासाठी भारत निवडतात. मान्सून, गंगेचे मैदान, हरित क्रांती, शहरांची वाढ असे सारे त्यात येते. येथे शिक्षकाने जपून राहावे लागते. भारत म्हणजे पूर, झोपडपट्टी आणि गर्दी एवढेच चित्र मनावर ठसले, तर वर्गातील भारतीय मूल खाली मान घालून बसते. अशा वेळी मी त्या मुलास घरी विचारून यावयास सांगते : आजीच्या गावी पाऊस कधी सुरू होतो, त्याआधी घरात कोणती तयारी करतात? आगोटची बेगमी, कौलांची शाकारणी, वाळवणे यांची माहिती घेऊन ते मूल वर्गात येते आणि मग मान्सून हा केवळ बाणांचा नकाशा राहत नाही.

वाचकांना आणखी एका स्थलांतराविषयी वाचून आनंद होईल. १८८० च्या दशकापासून लिथुआनियातील खेड्यांतून अनेक यहुदी कुटुंबे डब्लिनला आली व शहराच्या दक्षिणेकडील साउथ सर्क्युलर रोडच्या आसपासच्या लहान घरांत राहू लागली. पुढील पिढ्या बेताच्या घरांतून उपनगरांत गेल्या. पुष्कळ जण परदेशी गेले. त्या जुन्या वस्तीतील एका सिनेगॉगच्या वास्तूत आयरिश ज्यू म्युझियम आहे. १९८५ साली त्याचे उद्घाटन इस्राएलचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष खाईम हर्झोग यांनी केले. त्यांचा जन्म बेलफास्टचा आणि बालपण डब्लिनचे. वस्ती का बसते आणि का उठते, हे शिकण्यासाठी असे दोन-चार रस्ते चालून पाहणे पुरेसे असते.

उणिवा येथेही आहेत

येथे सर्व आलबेल आहे असा समज होऊ नये. लीव्हिंग सर्टिफिकेटच्या उत्तरांत प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्यास दोन गुण, अशी तपासणीची पद्धत रूढ आहे. तीस गुणांच्या प्रश्नास पंधरा मुद्दे. त्यामुळे मुले पंधरा वाक्ये घोकून येतात आणि आपल्या ‘तीन मुद्दे, तीन गुण’ या जुन्या रोगाने येथेही डोके वर काढले आहे. दुसरी चिंता अधिक मोठी आहे. ज्युनिअर सायकलच्या नव्या रचनेत भूगोल सर्वांना सक्तीचा राहिला नाही. इतिहासाच्या बाबतीत ओरड झाली आणि २०१९ साली त्यास विशेष स्थान देण्याचा निर्णय झाला. भूगोलाच्या वाट्याला तसे भाग्य आले नाही. बहुतेक शाळा तो अजूनही शिकवितात. पण जो विषय ऐच्छिक झाला, तो वेळापत्रकाच्या ओढाताणीत प्रथम मागे पडतो, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे.

आपल्या आडनावांतील भूगोल

शाळेने काय करावे ते शाळा ठरवील. घरी काय करता येईल ते आपल्या हाती आहे. नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, झिराडकर : आपली आडनावे म्हणजे रायगड जिल्ह्याचा नकाशाच आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या आपल्याबरोबर आली. पण नकाशावर आपले गाव बोट ठेवून दाखवू शकतील अशी नातवंडे आता किती आहेत? आयर्लंडमध्ये ‘माझा भूगोल’ करताना मुले आपल्या गावाच्या नावाचा अर्थ शोधतात. टेकडी, कुरण, ओकांचे रान असे काहीतरी त्यातून निघते. आपल्या मुलांनीही हे करावे. गाव खाडीकाठी होते की डोंगरउतारावर? घाण्यासाठी तीळ, नारळ कोठून येत? अठराव्या शतकात मंडळी मुंबईला जाऊ लागली ती कशासाठी? समुद्र जवळ होता एवढे उत्तर पुरणार नाही. कंपनीच्या पलटणीतील नोकरी आणि शहरात वाढणारे सुतारकाम हेही लिहावे लागेल.

आणि मग त्याच वहीत पुढचे पान उलटावे. सामुद्रधुनी, खाड्या व धो धो पाऊस सोडून आलेली माणसे नेगेव्हच्या वाळवंटात, १९५५ साली वसलेल्या डिमोनात का राहू लागली? भौगोलिक कारणे द्या. पाऊस, माती, पाणी यांपैकी एकही कारण तेथे लागू पडत नाही. लोकसंख्या देशभर विखरावी हे सरकारी धोरण, वस्तीसाठी देऊ केलेली घरे, कारखान्यांतील रोजगार, आणि आधी आलेल्या नातेवाइकांची ओढ, हीच कारणे. येथे फळ्याची डावी बाजू जवळजवळ कोरी राहते. हे उत्तर आज आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून मिळू शकते. आणखी दहा वर्षांनी ते मिळेलच असे नाही.

म्हणून वाचक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. येत्या सुट्टीत आपल्या घरातील एका शाळकरी मुलास वही आणि पेन्सिल घेऊन वडीलधाऱ्यांसमोर बसवावे. पानाच्या मधोमध एक रेघ ओढावी आणि गाव का सोडले, येथेच का आलो, एवढे दोनच प्रश्न विचारू द्यावेत. उत्तरे मराठीत येतील, मुले ती हिब्रूत वा इंग्रजीत लिहितील. त्याने काही बिघडत नाही. गावांची नावे मात्र आहेत तशीच लिहून घ्यावीत.